अण्णा भाऊ साठे

तुकाराम भाऊराव साठे ऊर्फ अण्णा भाऊ साठे (जन्म : १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव, मृत्यू : १८ जुलै १९६९, मुंबई) हे मराठीतील कादंबरीकार, कथाकार आणि लोकशाहीर होते. शाळेचे शिक्षण जवळजवळ न मिळालेल्या या लेखकाने सुमारे ३५ कादंबऱ्या, अनेक कथासंग्रह, पोवाडे, लावण्या, लोकनाट्ये आणि एक प्रवासवर्णन लिहिले. लाल बावटा कलापथकाचे संस्थापक आणि संयुक्त महाराष्ट्र चळवळीचे शाहीर म्हणून ते महाराष्ट्रभर परिचित झाले. गिरणगावातील कामगार, भूमिहीन मजूर, दलित आणि भटके लोक हे त्यांच्या लेखनाचे नायक आहेत.

ब्रिटिश राजवटीत काही जाती-जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवण्यात आले होते. त्यांची नोंद ठेवली जाई, त्यांना हजेरी द्यावी लागे आणि त्यांच्या हालचालींवर बंधने असत. या व्यवस्थेचे आतून घडवलेले दर्शन अण्णा भाऊंच्या साहित्यात, विशेषतः ‘फकिरा’ या कादंबरीत आढळते. राज्यसंस्थेकडून एखाद्या समूहाचा होणारा छळ कोणत्या पायऱ्यांनी वाढतो, हे समजून घेण्यासाठीही ही कादंबरी महत्त्वाची ठरते.

जन्म आणि परिसर

अण्णा भाऊंचा जन्म वाळवा तालुक्यातील वाटेगाव येथे मांग (मातंग) समाजातील एका गरीब कुटुंबात झाला. त्यांच्या वडिलांचे नाव भाऊराव आणि आईचे वालुबाई. वाटेगाव त्या काळी सातारा जिल्ह्यात होते. पुढे १९४९ मध्ये साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके वेगळे काढून ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा करण्यात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. वाळवा, शिराळा, तासगाव आणि विटा हे मुख्य ठिकाण असलेला खानापूर हे तालुके या नव्या जिल्ह्यात आले. कृष्णा आणि वारणा या नद्यांमधला वाटेगावचा परिसर अण्णा भाऊंच्या बहुतेक ग्रामीण कथा-कादंबऱ्यांची भूमी आहे. त्यांनी मुंबईत बसून लिहिले, तरी त्यांच्या लेखनातील डोंगर, ओढे, जत्रा आणि माणसे याच खोऱ्यातील आहेत.

गावगाड्यात मांगांकडे दोर वळणे, केरसुण्या करणे, वाद्ये वाजवणे आणि गावाची राखण अशी कामे असत. वस्ती गावकुसाबाहेर होती. जमीन नव्हती किंवा असली तरी पोटापुरती नव्हती. दुष्काळाच्या वर्षी या वस्तीवर सर्वांत आधी उपासमार येई आणि गावात चोरी झाली की संशयही सर्वांत आधी तिच्यावरच येई.

अण्णा भाऊंचे शालेय शिक्षण नाममात्र झाले. त्यांची शाळा दीड दिवसाची होती, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. शाळेतील अपमानास्पद वागणुकीमुळे ते पुन्हा तिकडे फिरकले नाहीत. मात्र दांडपट्टा, तमाशातील गाणी, पोवाडे आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या बंडखोरांच्या कहाण्या हे त्यांचे खरे शिक्षण होते. या कहाण्यांमध्ये फकिरा या मांग वीराची कहाणी प्रमुख होती. फकिरा हे साठे कुटुंबाच्या नात्यातील होते आणि अण्णा भाऊंच्या जन्माच्या वेळी त्यांनी या घराला पैशांची मदत केली, अशी आठवण कुटुंबात सांगितली जात असे.

गुन्हेगार जमाती कायदा आणि हजेरी

अण्णा भाऊंच्या बालपणावर ज्या व्यवस्थेची सावली होती, तिचा इतिहास त्यांच्या जन्माच्या बऱ्याच आधी सुरू होतो. मुंबई इलाख्यात १८२७ च्या नियमावलीपासून संशयित लोकांवर नजर ठेवण्याचे अधिकार पोलिसांना होते. १८७१ मध्ये ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. तो प्रथम उत्तर भारतात लागू झाला आणि १९११ च्या सुधारित कायद्याने मुंबई व मद्रास इलाख्यांसह संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थान त्याच्या कक्षेत आला. १९२४ मध्ये या सर्व तरतुदी एकत्र करून नवा कायदा करण्यात आला.

या कायद्यामागील विचार असा होता की, हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार आणि विणकराचा मुलगा विणकर होतो. त्याच न्यायाने गुन्हेगारी हाही काही जातींचा पिढीजात व्यवसाय आहे. एकदा ही समजूत मान्य झाली की व्यक्तीने काय केले हा प्रश्न मागे पडतो आणि ती कोणाच्या पोटी जन्मली एवढाच प्रश्न उरतो. कायद्याने प्रांतिक सरकारांना एखादी जमात, टोळी किंवा लोकांचा वर्ग ‘गुन्हेगार जमात’ म्हणून जाहीर करण्याचा अधिकार दिला. अशा घोषणेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत नसे.

घोषणेनंतर जिल्हा दंडाधिकारी त्या जमातीतील व्यक्तींची नोंदवही तयार करीत. १९११ च्या कायद्यानुसार नोंद झालेल्यांच्या बोटांचे ठसे घेता येत. त्यांना ठरावीक वेळी पोलिसांपुढे किंवा गावच्या अधिकाऱ्यापुढे हजर राहावे लागे आणि राहण्याचे ठिकाण बदलल्यास ते कळवावे लागे. ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर विनापरवाना सापडलेल्या व्यक्तीला वॉरंटाशिवाय अटक होऊ शके. काही गुन्ह्यांत त्यांना इतरांपेक्षा अधिक कडक शिक्षा होती. सरकारला संपूर्ण जमात एखाद्या वसाहतीत हलवता येई आणि ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना आईवडिलांपासून वेगळे काढून सुधारगृहासारख्या शाळेत ठेवता येई. मुंबई इलाख्यात सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग, बारामती अशा ठिकाणी या वसाहती उभ्या राहिल्या. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातील वसाहत आजही ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखली जाते. कैकाडी, पारधी, भामटा, मांग-गारुडी अशा अनेक समाजांना या कायद्याची झळ लागली.

दक्षिण महाराष्ट्रातील गावांत या व्यवस्थेचे रोजचे रूप म्हणजे हजेरी. मांग, रामोशी, बेरड अशा जातींतील पुरुषांना चावडीवर जाऊन आपण गावातच आहोत हे दाखवून द्यावे लागे. हजेरीची वेळ चुकली तर कामाचे, आजाराचे किंवा दूर गेलेल्या सोयऱ्याचे कारण चालत नसे. परगावी मजुरीला किंवा बाजाराला जाणे अवघड होई आणि मजुरी बुडाली की उपासमार होई. अशा रीतीने चोरी रोखण्यासाठी म्हणून सुरू झालेली व्यवस्थाच माणसाला चोरीच्या कडेवर नेऊन उभी करी.

ही व्यवस्था अपरिहार्य नव्हती, याचा पुरावा वारणा नदीच्या पलीकडेच होता. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार, मांग, रामोशी आणि बेरड या जातींवरील हजेरी बंद केली. पारध्यांना त्यांनी नोकऱ्या दिल्या व राहण्याची सोय करून दिली. अण्णा भाऊंचा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी, नदीच्या अलीकडे, ब्रिटिश मुलखात झाला.

मुंबईकडे

१९३१ च्या सुमारास दुष्काळ आणि बेकारीमुळे साठे कुटुंबाने वाटेगाव सोडले. गाडीभाड्याचे पैसे नसल्याने त्यांनी वाटेत मिळेल ते काम करत पायी मुंबई गाठली. हा प्रवास कित्येक महिने चालला. मुंबईत भायखळ्याच्या चाळीत आणि पुढे माटुंग्याच्या लेबर कॅम्पात त्यांचा मुक्काम झाला. अण्णा भाऊंनी हमाली केली, कोळसे वेचले, फेरीवाल्याचे काम केले आणि गिरणीत मजुरीही केली. दुकानांवरच्या पाट्या आणि चित्रपटांच्या जाहिराती पाहत ते अक्षरे ओळखायला शिकले. ज्या लेखकाचे साहित्य पुढे अनेक भारतीय व परदेशी भाषांत गेले, त्याची पहिली पाठ्यपुस्तके मुंबईच्या रस्त्यावर टांगलेली होती.

लेबर कॅम्प हे त्या काळी दलित कामगारांच्या राजकीय जागृतीचे केंद्र होते. तेथे रा. भि. मोरे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या सहवासात अण्णा भाऊ कम्युनिस्ट पक्षाकडे ओढले गेले. सभेपूर्वी गाणी म्हणणे, भिंती रंगवणे, पत्रके वाटणे अशी कामे करता करता ते स्वतः रचना करू लागले.

शाहिरी आणि लाल बावटा कलापथक

दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या सैन्याशी झालेल्या स्टालिनग्राडच्या लढाईवर अण्णा भाऊंनी रचलेला पोवाडा फार गाजला आणि त्यांचे नाव कामगार वस्त्यांच्या बाहेर पोहोचले. १९४४ मध्ये त्यांनी शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकाची स्थापना केली. बंगालमधील दुष्काळ, अमळनेर येथील गोळीबारातील हुतात्मे, फाळणीच्या वेळी पंजाब व दिल्लीत उसळलेल्या दंगली हे त्यांच्या रचनांचे विषय होते. परंपरेने चालत आलेल्या तमाशाला त्यांनी नवा आशय दिला. गणातील देवतास्तवनाच्या जागी त्यांनी मातृभूमी आणि श्रमिक यांना वंदन केले, तर राजाराणीच्या वगाच्या जागी सावकार, शेठजी, मंत्री आणि मजूर रंगमंचावर आणले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजीचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ ही त्यांची काही गाजलेली लोकनाट्ये होत.

देश स्वतंत्र झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, १६ ऑगस्ट १९४७ रोजी, भुकेल्यांसाठी हे स्वातंत्र्य अपुरे आहे असा आवाज उठवत त्यांनी मुंबईत मोर्चा काढल्याचे सांगितले जाते. पुढील वर्षी मुंबई प्रांतात कम्युनिस्ट पक्षाविरुद्ध कारवाई सुरू झाली. अनेक कार्यकर्त्यांना अटक झाली आणि लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी आली. याच काळात सरकारने तमाशावरही निर्बंध घातले. अण्णा भाऊंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘तमाशा’ऐवजी ‘लोकनाट्य’ हे नाव वापरून आपले प्रयोग चालू ठेवले, असे मानले जाते. बंदीमुळे मंच दुरावला, तेव्हा अण्णा भाऊ कथा-कादंबरीकडे अधिक वळले.

संयुक्त महाराष्ट्र चळवळीत अण्णा भाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर हे तिघे शाहीर गावोगावी फिरले. मुंबईत पोटासाठी आलेल्या गड्याच्या तोंडची ‘माझी मैना’ ही त्यांची छक्कड या काळात घराघरांत पोहोचली. गावी राहिलेल्या पत्नीचा विरह आणि महाराष्ट्रापासून तुटलेले सीमेवरील मराठी मुलूख यांची सांगड या रचनेत घातलेली आहे.

‘फकिरा’

‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. अण्णा भाऊंनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केली आहे. कादंबरीचा काळ ब्रिटिश अमदानीचा असून तिचे स्थळ वाटेगाव आणि भोवतालचे वारणा खोरे हे आहे.

कथेचा आरंभ जोगणीच्या प्रसंगाने होतो. गावाला मान मिळावा म्हणून राणोजी मांग शेजारच्या गावची जोगणी पळवून आणतो आणि त्यात त्याचा घात होतो. त्याचा मुलगा फकिरा मोठा होतो तो गावाच्या आदरात. येथे मांगवाडा आणि गाव यांच्यात दरी आहे, पण वैर नाही. कुलकर्णी असलेले विष्णुपंत आणि गावचे पाटील या कुटुंबाला आपले मानतात. पुढे राज्यसत्तेचा हात वस्तीपर्यंत पोहोचतो, तेव्हा नेमकी हीच घडी विस्कटू लागते. वस्तीवर हजेरी बसते. दुष्काळ पडतो, रोगराई येते, माणसे अन्नावाचून मरू लागतात आणि त्याच वेळी बाहेर पडून काम शोधण्याची मोकळीकही उरत नाही. आपली माणसे डोळ्यांदेखत मरत असलेली पाहून फकिरा धान्य लुटतो आणि ते वाटून टाकतो. पुढे तो सरकारी खजिन्यावर हात टाकतो. त्याला पकडता येत नाही, तेव्हा सरकार त्याच्या नातलगांना आणि सबंध वस्तीला कोंडून ठेवते. त्यांच्या सुटकेसाठी फकिरा स्वतःहून हजर होतो आणि त्याला मृत्यूची शिक्षा होते.

फकिराच्या शौर्यामुळे या कादंबरीकडे बहुधा वीरगाथा म्हणून पाहिले जाते. मात्र तिच्यात शौर्याइतकेच महत्त्व या शौर्याची गरज निर्माण करणाऱ्या घटनाक्रमाला आहे. फकिरा तलवार उचलतो ती कथेच्या अखेरच्या टप्प्यात. त्याआधी बरेच काही घडून गेलेले असते आणि त्यातले बहुतेक शांतपणे, कागदावर घडलेले असते.

छळाच्या पूर्वखुणा

कादंबरी आणि तिच्यामागील कायदा शेजारी ठेवून वाचल्यास राज्यसंस्थेच्या छळाचा क्रम स्पष्ट होतो.

पहिली खूण भाषेत दिसते. एखाद्याने चोरी केली असे म्हणण्याऐवजी ती जातच चोर आहे, असे बोलले जाऊ लागते. प्रथम हे बोलणे बाजारात आणि चावडीवर ऐकू येते, नंतर अधिकाऱ्यांच्या अहवालांत शिरते आणि शेवटी कायद्याच्या मसुद्यात येते. दुसरी खूण नोंदवहीची. सर्वांची गणना करणारी नोंद आणि निवडक लोकांचीच वेगळी नोंद यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या प्रकारच्या नोंदीत नाव चढवण्यासाठी गुन्हा लागत नाही आणि ते उतरवण्याचा सोपा मार्गही नसतो. तिसरी खूण हालचालींवरील बंधने : हजेरी, परवाना, ठरावीक हद्द. त्यांचा परिणाम प्रथम पोटावर होतो. चौथी खूण न्यायालयाचे दार बंद होणे. घोषणेला आव्हान देता येत नाही आणि एकाच कृत्याला माणूस पाहून वेगळी शिक्षा ठरते. पाचवी खूण सामूहिक शिक्षा. एकासाठी घर, घरासाठी वस्ती आणि आईवडिलांसाठी मुले जबाबदार धरली जातात.

यांतील प्रत्येक पायरी त्या त्या वेळी सौम्य आणि समर्थनीय वाटते. नोंदवही सुव्यवस्थेसाठी असते, हजेरी चोऱ्या थांबवण्यासाठी असते, वसाहत सुधारणेसाठी असते आणि मुलांना वेगळे काढणे हे त्यांच्याच भल्यासाठी असते. म्हणूनच या खुणा ज्यांच्यावर गुदरतात त्यांना लगेच कळतात आणि इतरांना उशिरा.

या संदर्भात विष्णुपंत कुलकर्णी ही व्यक्तिरेखा लक्षणीय आहे. गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या हाती असे. ज्यांच्या लेखणीने व्यवस्था चालते, त्यांच्यापैकी एक माणूस वस्तीची बाजू घेतो, हजेरीचा जाच कमी व्हावा म्हणून शब्द टाकतो आणि भुकेच्या काळात या माणसांना परके मानत नाही. त्याच गावगाड्यात सत्तेच्या बाजूने झुकणारेही आहेत. राज्यकर्ते परके असले तरी हजेरी घेणारे, नावे पुकारणारे आणि खबर देणारे गावातलेच होते, हे अण्णा भाऊंनी लपवलेले नाही. त्यामुळे या कादंबरीत परकी सत्ता आणि जातिव्यवस्था यांच्या संगनमताची चिकित्सा आढळते.

असा क्रम केवळ हिंदुस्थानात घडला नाही. मूळ भारतीय वंशाचे मानले जाणारे रोमा लोक जर्मनीत याच मार्गाने गेले. म्युनिकच्या पोलिसांनी १८९९ मध्ये रोमांची स्वतंत्र नोंद ठेवणारे कार्यालय उघडले. बव्हेरियाने १९२६ मध्ये त्यांच्या भटकंतीवर निर्बंध घालणारा कायदा केला आणि १९२७ मध्ये प्रशियात त्यांच्या बोटांचे ठसे घेण्यात आले. हे सर्व हिटलर सत्तेवर येण्यापूर्वी झाले. पुढे नाझी राजवटीला हे दप्तर तयार मिळाले आणि युरोपातील लाखो रोमांची हत्या झाली. हिंदुस्थानातील कायद्याचा शेवट असा संहारात झाला नाही, हा फरक मोठा आहे. पण जन्मावरून गुन्हेगार ठरवणे, वेगळी नोंद आणि ठसे हे आरंभीचे टप्पे दोन्हीकडे सारखेच दिसतात.

इतर लेखन

हाच विषय अण्णा भाऊंच्या इतर लेखनातही वेगवेगळ्या रूपांत येतो. ‘माकडीचा माळ’ या कादंबरीत त्यांनी माळावर पालं टाकून राहणाऱ्या भटक्या जमातींचे जीवन रंगवले. माकडांचे खेळ करणारे, साप-गारुडी, भिक्षा मागून जगणारे अशा माणसांना मराठी कादंबरीत एवढे ऐसपैस स्थान त्याआधी क्वचितच मिळाले होते. ‘बरबाद्या कंजारी’ या कथेत मुंबईच्या झोपडपट्टीतील कंजारी समाजाचा एक माणूस जातपंचायतीच्या जाचाविरुद्ध उभा राहतो. बाहेरून छळल्या जाणाऱ्या समाजाच्या आतही जुलूम असू शकतो, हे दाखवताना लेखकाने आपली सहानुभूती आंधळी होऊ दिलेली नाही. ‘स्मशानातील सोनं’ या कथेतील भीमा खाणीतले काम सुटल्यावर प्रेतांच्या राखेतून सोने शोधू लागतो. काम हिरावले गेले की माणूस कोणत्या टोकाला जातो, याचे हे मराठी कथेतील एक विदारक चित्र आहे. ‘वारणेचा वाघ’, ‘चित्रा’, ‘वैजयंता’ या त्यांच्या अन्य प्रसिद्ध कादंबऱ्या होत. त्यांच्या काही कादंबऱ्यांवर मराठी चित्रपट निघाले.

२ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्‌घाटन अण्णा भाऊंच्या हस्ते झाले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलित व श्रमिकांच्या तळहातांवर तोललेली आहे, असा विचार त्यांनी त्या भाषणात मांडला. १९६१ मध्ये त्यांनी सोव्हिएत रशियाचा दौरा केला आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ हे प्रवासवर्णन लिहिले.

कायद्याची अखेर

अण्णा भाऊंच्या हयातीतच गुन्हेगार जमाती कायदा इतिहासजमा झाला. मुंबई प्रांताने १९३७ मध्ये कन्हैयालाल मुनशी यांच्या अध्यक्षतेखाली या कायद्याच्या चौकशीसाठी समिती नेमली होती आणि तिचा अहवाल १९३९ मध्ये आला. प्रांतात हा कायदा १९४९ मध्ये रद्द झाला. केंद्र सरकारने अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो देशभर रद्द केला. त्यामुळे ३१ ऑगस्ट हा दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळला जातो. ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली तेव्हा कायदा जाऊन सात वर्षे झाली होती.

तरीही नोंदवहीने दिलेली ओळख कायद्याबरोबर गेली नाही. अनेक राज्यांनी सराईत गुन्हेगारांसंबंधी नवे कायदे केले आणि त्यांचा रोख बरेचदा विमुक्त जमातींकडेच राहिला. २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या वंशभेद निर्मूलन समितीने हे कायदे रद्द करण्याची शिफारस भारताला केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातिनिहाय कामवाटप घटनाबाह्य ठरवले आणि विमुक्त जमातींच्या व्यक्तींना केवळ त्यांच्या जमातीवरून सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तुरुंग नियमांवरही कठोर टीका केली. ज्या समजुतीतून १८७१ चा कायदा जन्मला, तिचे अवशेष दीडशे वर्षांनंतरही नियमपुस्तिकांत शिल्लक होते.

अखेरचा काळ आणि वारसा

अण्णा भाऊंचे बरेचसे आयुष्य घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत गेले. कीर्ती मिळूनही आर्थिक विवंचना संपली नाही. पुस्तकांच्या आवृत्त्या निघत राहिल्या, चित्रपट झाले, पण त्याचा लाभ लेखकापर्यंत फारसा पोहोचला नाही. आयुष्याच्या अखेरीस ते गोरेगाव येथील सिद्धार्थनगरात राहायला गेले. १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे बंधू शंकर भाऊ साठे यांनी पुढे त्यांच्या आठवणी लिहून ठेवल्या.

भारतीय टपाल खात्याने १ ऑगस्ट २००२ रोजी अण्णा भाऊंचे चित्र असलेले चार रुपयांचे टपाल तिकीट काढले. महाराष्ट्र शासनाने मातंग समाजाच्या विकासासाठी त्यांच्या नावाने महामंडळ स्थापन केले. २०२० हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष होते. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्को येथील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. दरवर्षी १ ऑगस्टला महाराष्ट्रात ठिकठिकाणी त्यांची जयंती साजरी होते.

पुढच्या पिढीत विमुक्त आणि भटक्या जमातींतील लेखकांनी आपल्या आत्मकथनांतून पोलिसी छळ, पालांवरचे जीवन आणि शाळेच्या दारातील अपमान स्वतःच्या शब्दांत लिहिला. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही त्यांतील ठळक नावे. ‘उचल्या’ या नावातच समाजाने मारलेला शिक्का आहे. ज्या माणसांची नोंद एकेकाळी केवळ हजेरीपटावर होत होती, त्यांच्या जीवनाची नोंद मराठी साहित्यात होऊ लागली, आणि त्या वाटेवरचे पहिले मोठे पाऊल वाटेगावच्या मांगवाड्यातून आलेल्या या लेखकाचे होते.